हवेंत वाढणारी आमरी



मार्केट यार्डाच्या फुलबाजारांत हल्लीं ऑर्किडच्या जांभळ्या कांड्या शेवंतीच्या राशींशेजारीं विकावयास येतात. त्या दिसावयास देखण्या. पण नाकाशीं धराव्या तर बहुधा गंध नाहीं. अशा वेळीं मला आपल्या सह्याद्रींतील सुगंधी आमरीची आठवण होते.

ही वीतभर वनस्पति झाडाच्या खोडाला बिलगून वाढते. पावसाळ्याच्या तोंडाशीं तिला गुलाबी, जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचे तुरे येतात. लोक तिला बांडगूळ म्हणतात, हा मात्र अन्याय होय. बांडगूळ झाडाचा रस शोषतें. आमरी केवळ आधार मागते. तिच्या मुळांवर स्पंजासारखें आवरण असतें. पावसाचें पाणी तें टिपून घेतें.

पोर्तुगीज पंडित लूरैरो यानें १७९० सालीं या कुळाला ‘एरिडिस’, म्हणजे हवेंत राहणारी, असें नांव दिलें. आपल्या ठिपकेदार जातीचें नामकरण लिंडले यानें १८४५ त केलें. त्याच सुमारास पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा कारभार डॉ. गिब्सन पाहत होते. पुढें १८६१ त त्यांनीं डॅलझेल यांच्यासह मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील ऑर्किडांवरील सांतापाव व कपाडिया यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला तो १९६६ सालीं.

तारुण्यांत मीं मावळांतून असें एक रोप उपटून आणलें, काळ्या मातींत लावलें आणि प्रेमानें रोज पाणी घातलें. महिनाभरांत मुळें कुजलीं. शाळेंत दुसऱ्यांच्या चुका तपासणाऱ्या माझी ही चूक कोणीं तपासावी? फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार यानें १८९९ त दाखविलें होतें कीं, ऑर्किडचें धुळीएवढें बीं विशिष्ट बुरशीच्या साह्यावांचून रानांत रुजत नाहीं. म्हणजे उपटलेल्या रोपाची जागा सहजासहजीं भरून येत नाहीं.

म्हणून रोप घ्यावयाचें तें रोपवाटिकेंत वाढविलेलेंच घ्यावें. नारळाच्या सोडणावर किंवा आंब्याच्या सालीवर तें सुतळीनें बांधावें. माती मुळींच घालूं नये. सकाळचें कोंवळें ऊन द्यावें, दुपारचें टाळावें. मुळें रुपेरी दिसलीं कीं पाणी शिंपडावें. हिरवीं असतील तोंवर थांबावें. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यांत रोज, थंडींत मात्र बेतानें.

माया थोडी आवरली तरच ही आमरी जगते. तेवढें आपल्याला साधलें, तर एखाद्या जूनच्या सकाळीं सज्जा सुगंधानें भरून जाईल.