बेटांची झीज

१८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वादुपिंडाच्या सूक्ष्म रचनेवर प्रबंध सादर केला. पाचक रस तयार करणाऱ्या पेशींच्या गर्दीत त्याला वेगळ्याच पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले होते. त्यांचे काम काय, हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने सरळ लिहून टाकले. १८९३ साली फ्रेंच संशोधक लागेस यांनी या पुंजक्यांना लँगरहान्सची बेटे असे नाव दिले. बेटाला लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणतात. इन्शुलिन हा शब्द त्यावरूनच आला, आणि तोही प्रत्यक्ष इन्शुलिन हाती लागण्याच्या बारा वर्षे आधी, १९०९ साली.

या बेटांचा इतिहास मी वाचू लागले तो घरातल्या एका प्रश्नामुळे. माझ्या आईला पंचावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. पुढची बारा वर्षे तिने साखरेचा चहा, आंबा, सणावाराचे गोडधोड सारे सोडले. रोज चालली, गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. तरी एक दिवस इन्शुलिन घ्यावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “माझंच काहीतरी चुकलं असणार.” येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही तसेच वाटत होते. ही समजूत जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मजात, कृश माणसांचा, दुसरा अपथ्यामुळे होणारा, स्थूल माणसांचा. निरीक्षण सूक्ष्म आहे, पण दुसऱ्या प्रकाराला अपथ्याचा ठपका तेव्हापासूनच चिकटलेला आहे.

आधुनिक वैद्यकात संशयाची सुई आधी बेटांकडे वळली होती. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झाला. त्यानंतर काही वर्षांनी बाल्टिमोरमध्ये यूजीन ओपी यांना मधुमेहाने दगावलेल्यांच्या स्वादुपिंडात काचेसारख्या पदार्थाने भरलेली बेटे दिसली. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. बेटे बिघडली की इन्शुलिन आटते आणि मधुमेह होतो, असा सरळ हिशेब जुळल्यासारखा वाटला.

पण प्रौढ रुग्णांच्या बाबतीत हा हिशेब जुळेना. १९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना ग्लुकोज आणि इन्शुलिन एकाच वेळी देऊन रक्तातली साखर मोजली. काहींची साखर इन्शुलिनने आटोक्यात राहिली, काहींवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. हे दुसरे लोक बहुधा वयस्क आणि अंगाने भरलेले होते. त्यांच्यात इन्शुलिनची उणीव नसून शरीरच त्याला दाद देत नसावे, असा निष्कर्ष निघाला.

तोवर रक्तातले इन्शुलिन नेमके मोजता येत नव्हते. ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी साधले. किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्शुलिन आणि प्रतिपिंडे वापरून त्यांनी मोजणीची पद्धत बसवली. १९६० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनी खळबळ उडाली. प्रौढवयात मधुमेह झालेल्यांच्या रक्तात इन्शुलिन होते. ग्लुकोज दिल्यावर ते उशिरा वाढे, पण निरोगी माणसांपेक्षाही वर जाई. बेटे जणू निर्दोष सुटली. १९७७ साली यॅलो यांना नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

हे आकडे खरे होते, पण तुलना अपुरी होती. १९६७ साली सेंट लुइसच्या पर्ली आणि किप्निस यांनी स्थूल मधुमेहींची तुलना तितक्याच स्थूल निरोगी माणसांशी केली. जाड माणसाच्या शरीराला इन्शुलिन जास्त लागते आणि निरोगी बेटे ते पुरवतात. मधुमेहींची बेटे मात्र, समोर साखर जास्त असूनही, तेवढे पुरवू शकत नव्हती. शंभर रुपये मिळवणारा पन्नास मिळवणाऱ्यापेक्षा श्रीमंत दिसतो. पण त्याचा खर्च दोनशे असेल तर तो कर्जातच असतो. इन्शुलिनला दाद न देणारी शरीरे पुष्कळ असतात. त्यांतल्या ज्यांच्या बेटांतल्या बीटा पेशी मागणी पुरी करू शकत नाहीत, त्यांनाच मधुमेह होतो.

पुढचे पुरावे त्याच दिशेने गेले. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचा एक अहवाल १९९५ मध्ये आला. निदान होते तेव्हाच बीटा पेशींची क्षमता सुमारे निम्मी उरलेली असते आणि पुढेही घटत जाते, असे त्यात दिसले. पथ्यावर असणाऱ्यांची घटली, गोळ्या घेणाऱ्यांचीही सुरुवातीच्या सुधारणेनंतर घटली. २००३ साली पीटर बटलर आणि सहकाऱ्यांनी १२४ मृतांची स्वादुपिंडे तपासली. सारख्याच बांध्याच्या निरोगी माणसांच्या तुलनेत स्थूल मधुमेहींमध्ये बीटा पेशींचे आकारमान ६३ टक्के, तर सडपातळ मधुमेहींमध्ये ४१ टक्के कमी होते. ओपींना दिसलेला काचेसारखा पदार्थही दरम्यान ओळखला गेला होता: इन्शुलिनसोबत बीटा पेशीच जे एक प्रथिन सोडतात, ते साचून तो बनतो.

सडपातळ मधुमेही म्हटले की मला पुणे आठवते. तिथे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. ही बाळे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सरासरी पाऊण किलोहून अधिक हलकी भरली, पण अंगावरची चरबी त्या मानाने राखून होती. हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ साली असा विचार मांडला होता की गर्भात पोषण तुटपुंजे मिळाले तर बेटांची वाढही तुटपुंजी राहते. तसे असेल, तर काही माणसे आयुष्याला सुरुवात करतानाच गाठीला कमी भांडवल घेऊन येतात.

याचा अर्थ खाण्यापिण्याचा संबंध नाही असा नव्हे. २०११ साली न्यूकासलमध्ये रॉय टेलर यांनी थोड्या रुग्णांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली, आणि ग्लुकोज मिळताच इन्शुलिन सोडण्याची बेटांची हरवलेली लकब परत आली. म्हणजे सगळ्या पेशी मेलेल्या नव्हत्या. काही दमून गप्प बसल्या होत्या. पण हे बहुधा निदानानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच साधते. वर्षे उलटत जातात तशी ती शक्यता आक्रसत जाते.

म्हणून पथ्य वेळेवर हवे, आणि बेटे थकली तर इन्शुलिनही वेळेवर हवे. शिक्षा समजून ते लांबणीवर टाकणाऱ्यांच्या डोळ्यांना, मूत्रपिंडांना आणि पायांना त्याची किंमत मोजावी लागते. चष्म्याला कोणी शिक्षा म्हणत नाही. इन्शुलिनच्या सुईलाही म्हणू नये.