भोंग्याबाहेरचे तास

बजबज हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलं असेल तर ते एका जहाजामुळे. कॅनडाने परत पाठवलेलं 'कोमागाटा मारू' सप्टेंबर १९१४ मध्ये तिथे आलं, प्रवासी उतरले आणि गोळीबार झाला. तिथल्या रेल्वे स्थानकाच्या नावातही आता कोमागाटा मारू आहे. मी आज बोलणार आहे ते मात्र जहाजाबद्दल नाही. बजबजहून निघणाऱ्या बारदानाबद्दल, आणि ते वाहून नेणाऱ्या ड्रायव्हरच्या तासांबद्दल.

हे गाव कोलकात्याच्या नैऋत्येला, हुगळीच्या काठावर. तेलाचे डेपो आणि ज्यूटच्या गिरण्या ही त्याची ओळख. चेव्हियट, आल्बियन, कॅलेडोनियन ही तिथल्या गिरण्यांची नावं. भंडारा-गोंदियात धानखरेदीच्या वेळी बारदान कमी पडलं की आपल्याकडे बातमी होते. ते बारदान मुख्यतः हुगळीच्या दोन्ही काठांवर विणलं जातं. १९८७ च्या कायद्याने धान्य आणि काही प्रमाणात साखर ज्यूटच्या पोत्यात भरणं बंधनकारक केलं, त्यामुळे ही ये-जा टिकून आहे. काही माल रेल्वेने येतो, काही ट्रकने.

आता बघा, एकाच पोत्याला दोन कामगारांचे हात लागतात. एक विणणारा, दुसरा नेणारा. विणणाऱ्याचे तास मोजायला सरकारला बरीच वर्षं लागली, पण मोजले. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा फक्त मुलांपुरता होता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० मध्ये. कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली १९११ मध्ये. मग १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा, १९४८ ला नऊ. गिरणीला भिंत होती, फाटक होतं, भोंगा होता. इन्स्पेक्टरला जायला एक पत्ता होता.

रस्त्याला पत्ता नसतो. पण म्हणून रस्त्यावर कधी मर्यादाच नव्हती असं समजू नका. १६३२ मध्ये पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला वंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. त्याने चौदा हजार बैल असल्याचं लिहिलंय, आणि दिवसाची मजल फार तर सहा-सात मैल. तीही उन्हं नसताना. माणसाला पुढे जायची घाई असली तरी बैल चरल्याशिवाय उठत नाही. तांड्याचं वेळापत्रक बैलाच्या पोटावर ठरायचं. मोटार आली आणि हा हिशोब संपला, कारण इंजिनाला झोप लागत नाही.

ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्याही लक्षात आली होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरसाठी दिवसाला नऊ तास, आठवड्याला चोपन्न तास आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. स्वतंत्र भारताने १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगार कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने जास्त, पण दहा आणि चोपन्नच्या वर कधीच नाही. आठवड्याची सुट्टीही दिली. वाचायला उत्तम कायदा आहे.

त्यात दोन जागा मात्र मला खटकतात. पहिली 'कामाचे तास' या व्याख्येतली. गाडी धावत असतानाचं काम त्यात आहे, गाडीशी आणि मालाशी संबंधित जोडकाम आहे, आणि टर्मिनलवर नुसतं थांबणं आहे, पण ते पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. सोळाव्या मिनिटाचं काय? बजबजच्या गिरणीच्या फाटकाबाहेर नंबर लागायची वाट बघणारा ड्रायव्हर पंधरा मिनिटांत आत जातो का? त्याच फाटकाच्या आत थांबलेल्या मजुराचा वेळ हजेरीत धरला जातो. दुसरी जागा, हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. राज्य सरकारला लहानांनाही तो लावता येत होता, पण मूळ रेघ पाचवर होती. आणि आपल्याकडचा मालट्रक बहुतेक वेळा कुणा कंपनीचा नसतो. एक-दोन गाड्यांचा मालक असतो, कित्येकदा तोच ड्रायव्हर असतो.

आता फेरीचा हिशोब मांडू. बजबज ते नागपूर साधारण ११५० किलोमीटर. कोलकात्यात जड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळी बंदी, म्हणून माल दुपारी भरला तरी शहर ओलांडायचं रात्री. विद्यासागर सेतू, कोना एक्सप्रेसवे, कोलाघाट, खड्गपूर. म्हणजे जो माणूस दिवसभर भरणीसाठी उभा होता त्याची खरी ड्रायव्हिंग रात्री सुरू होते. पुढे केओंझरला लोहखनिजाच्या गाड्यांची गर्दी, मग संबलपूर, रायपूर, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा. भरलेल्या गाडीला सरासरी ताशी ३५ किलोमीटर धरा. एका बाजूचे ३३ तास, जाऊन-येऊन ६६. १९६१ च्या कायद्याचा आठवडा फार तर ५४ तासांचा होता. म्हणजे एकट्या ड्रायव्हरने कायदा पाळला तर एका आठवड्यात एक फेरीसुद्धा पुरी होत नाही, आणि यात थांबण्याचा वेळ मी धरलेलाच नाही.

मालाच्या कागदाची घाई असते असं म्हणावं तर तेही खरं नाही. जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. या अंतराला सहा दिवस झाले. घाई आहे ती पैशाची. मी रस्त्यावर ड्रायव्हरांना किती तास चालवता असं विचारतो तेव्हा उत्तर तासांत येत नाही, महिन्याला किती फेऱ्या झाल्या ते सांगतात. कमाई फेरीवर असते. हॉल्टिंगचे पैसे ठरले असतील तर ते मालकाच्या हिशोबात जातात. फाटकावर गेलेला वेळ भरून काढायला ड्रायव्हरकडे झोप सोडली तर दुसरं काही नसतं.

यावर एक साधा उपाय आपल्या नियमांत होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी नॅशनल परमिटच्या गाडीवर किमान दोन ड्रायव्हर आणि सीटच्या मागे दुसऱ्याला आडवं होता येईल अशी जागा सक्तीची केली होती. प्रत्यक्षात दुसऱ्या ड्रायव्हरच्या जागी क्लीनर असायचा, आणि मागच्या फळीवर कधी स्टोव्ह, कधी कपड्यांची पेटी. २०१८ मध्ये ही दोन ड्रायव्हरांची अट काढून टाकली. त्याच दुरुस्तीत फास्टॅग आणि गाडीचा माग ठेवणारं यंत्र आलं. युरोपात टॅकोग्राफची सक्ती १९७० च्या नियमाने आली. तिथे ते यंत्र माणसाचे तास लिहितं, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबला की नाही ते दाखवतं. आपलं यंत्र गाडी कुठे आहे ते सांगतं. २०२१ मध्ये नितीन गडकरींनी, वैमानिकांप्रमाणे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरवावेत असं म्हटलं होतं. नागपूरच्या माणसाने हे म्हणावं हे मला आवडलं. पण तास १९३९ पासून ठरलेलेच आहेत. नाही ती मोजायची सोय.

१९६१ चा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला, आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. जुन्या कायद्यात पाचाची रेघ होती, संहितेत ती दहावर आहे. भंडाऱ्यातला एखादा चार गाड्यांचा मालक घ्या. चार ड्रायव्हर, चार क्लीनर, आठ माणसं. तो आधी कायद्यात बसत होता. आता बसत नाही.