स्वॅट धाड

जड शस्त्रांनी सज्ज, निमलष्करी धर्तीच्या पोलीस पथकाने दार फोडून घरात घुसण्याची अमेरिकेतील पद्धत. ‘स्पेशल वेपन्स अँड टॅक्टिक्स’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘स्वॅट’ हे नाव पडले. लॉस एंजेलिसचे पोलीस अधिकारी डॅरिल गेट्स यांनी आधी सुचवलेल्या नावात ‘अटॅक’ हा शब्द होता. वरिष्ठांनी तो नाकारला.

1965 ची वॉट्स दंगल आणि 1966 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेला बेछूट गोळीबार या घटनांत नेहमीचे पोलीस हतबल ठरले. त्यानंतर 1967 च्या सुमारास हे पथक उभे राहिले. 8 डिसेंबर 1969 रोजी ब्लॅक पँथर पक्षाच्या लॉस एंजेलिसमधील कचेरीवर त्याने पहिली मोठी धाड घातली. चार तासांहून अधिक काळ गोळ्या झडल्या, तरी कोणी दगावले नाही.

ओलीस धरलेली माणसे सोडवणे, दबा धरून बसलेल्या बंदूकधाऱ्याला आवरणे ही या पथकाची मूळ कामे. असे प्रसंग क्वचित येतात, पथक मात्र बारमाही पोसावे लागते. अमली पदार्थविरोधी मोहिमेने त्याला रोजचे काम दिले. 1981 च्या कायद्याने लष्कराची मदत पोलिसांना खुली झाली, 1984 च्या कायद्याने जप्त मालमत्तेतला वाटा त्यांच्या पदरात पडू लागला आणि 1990 च्या दशकात लष्कराची जादा शस्त्रे व वाहने जवळजवळ फुकट मिळू लागली. मिळालेले साहित्य वर्षभरात वापरात आणण्याची अटही होती. समाजशास्त्रज्ञ पीटर क्रास्का यांच्या अंदाजानुसार 1980 च्या सुमारास वर्षाला सुमारे 3,000 असलेल्या अशा कारवाया पुढच्या पंचवीसएक वर्षांत 45,000 च्या घरात गेल्या.

मराठीत दरोडेखोरांचीही धाड पडते आणि पोलिसांचीही. एकच शब्द दोन्हीकडे चालतो. अपरात्री दार फुटल्यावर आतल्या झोपलेल्या माणसालाही दोहोंतला फरक कळत नाही. घरात बंदूक असणे अमेरिकेत नवलाचे नाही. चोर समजून तो ती उचलतो आणि पोलीस त्याला हल्लेखोर समजतात. दार ठोठावून ओळख सांगावी हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये संविधानाशी जोडला. मात्र तो मोडून मिळवलेला पुरावा बाद ठरत नाही, असा निकाल 2006 मध्ये आला आणि दंडकाची धार गेली. मार्च 2020 मध्ये लुईव्हिल येथे मध्यरात्रीनंतरच्या झडतीत 26 वर्षांची एक कृष्णवर्णीय आरोग्य कर्मचारी मारली गेली. तिथे दार फोडणारे साध्या वेशातले पोलीस होते, स्वॅट पथक नव्हे. पथकाची रीत अशी इतरांतही भिनली आहे. न ठोठावता शिरण्याच्या वॉरंटवर त्या शहराने तीन महिन्यांत बंदी घातली.

किती धाडी पडतात, याची देशभराची सरकारी मोजदाद नाही. मेरीलँड राज्यात ती सुरू झाली, ती दार एका महापौराचे फुटले म्हणून. जुलै 2008 मध्ये बर्विन हाइट्सचे महापौर चे काल्व्हो यांच्या घरी गांजाचे पार्सल आले. तस्करांनी ते भलत्याच पत्त्यावर पाठवून मधेच उचलण्याचा बेत केला होता. काउंटीच्या पथकाने गावच्या पोलिसांना साधे विचारलेही नाही. घरात शिरून दोन लॅब्रॅडोर कुत्री मारली आणि महापौरांना व त्यांच्या सासूबाईंना बेड्या घालून बसवले. सामान्य गृहस्थाच्या तक्रारीची दखल कितपत घेतली गेली असती, हे सांगायला नको. काल्व्हो यांच्या पाठपुराव्यामुळे 2009 मध्ये अहवाल देण्याची सक्ती झाली. पहिल्या सहामाहीतच सुमारे 800 कारवाया नोंदल्या गेल्या, म्हणजे दिवसाला चाराहून अधिक. त्यांतल्या बहुसंख्य निव्वळ झडतीसाठी होत्या.

याच नोंदींच्या आधारे प्रिन्स्टनचे राज्यशास्त्रज्ञ जोनाथन मुमोलो यांनी 2018 मध्ये दाखवले, की ही पथके कृष्णवर्णीय वस्त्यांत अधिक वेळा धाडली जातात. त्यांच्यामुळे गुन्हे घटल्याचा वा पोलीस अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. अहवालसक्तीची मुदत 2014 मध्ये संपली.