खेळाच्या अंगणातले नाणे

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक जुना संगणक बरीच वर्षे धूळ खात पडला होता. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका महाविद्यालयीन तरुणाने तो पुसून काढला, त्यावर ‘लिनक्स’ नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बसविली आणि संध्याकाळी मुले त्यावर खेळू लागली. किती खर्च आला, असे आम्ही विचारले. “काहीच नाही, फादर. हे सगळे फुकट वाटलेले आहे,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच तरुणाने आम्हांला विचारले, “फादर, खेळात मिळवलेले नाणे खरे असते का?” त्याचे वडील जहाजावर कामाला असतात. तेथील एका फिलिपिनो सोबत्याची हकिगत त्यांनी घरी सांगितली होती आणि ती मुलाच्या मनात घोळत होती.

आम्हांला सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविले गेले. संगणक शिकविला गेला नाही. तरी प्रश्न सोडवेना, म्हणून पावसाळाभर जमेल तसे वाचन केले. फुकट वाटलेली ती प्रणाली आणि खेळातले ते नाणे ही दोन्ही एकाच काळाची अपत्ये आहेत, असे त्यातून आमच्या ध्यानी आले. मोठ्या सत्तेच्या हाती आपल्या किल्ल्या का द्याव्यात, हा दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न. आणि दोहोंची कसोटी पुन्हा पुन्हा लागली ती मुलांच्या खेळाच्या अंगणात.

आधी लिनक्सविषयी. १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी कोणालाही वापरता, उघडून पाहता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली तयार करण्याचा संकल्प जाहीर केला. पुढे १९८९ साली त्यासाठी त्यांनी परवाना रचला. त्याची मुख्य अट अशी की, घेतलेल्या वस्तूत बदल करून ती पुढे वाटायची असेल, तर तिची मूळ आज्ञावलीही त्याच मोकळेपणाने द्यावी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे कळविले. तिच्या पहिल्या परवान्यात पैसे घेण्यास पूर्ण मनाई होती. परंतु प्रती करून देणाऱ्यांना निदान फ्लॉपीचा खर्च तरी सुटावा, म्हणून १९९२च्या आरंभी त्याने ती अट काढली आणि स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला. दान आणि दाम यांची पहिली गाठ अशी फ्लॉपीच्या किमतीवर पडली.

या प्रणालीवर खेळ मात्र नव्हते. खेळ बनविणाऱ्या कंपन्या मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’साठी लिहीत, कारण गिऱ्हाईक तेथे होते. अपवाद थोडे. १९९३च्या डिसेंबरात आलेला ‘डूम’ हा खेळ पुढच्याच वर्षी लिनक्सवर चालू लागला, आणि १९९७ साली त्याच्या निर्मात्यांनी त्याची मूळ आज्ञावलीही खुली केली. १९९८ साली कॅलिफोर्नियात ‘लोकी’ नावाची कंपनी निघाली. गाजलेले खेळ लिनक्सवर आणून विकावेत, हा तिचा धंदा. तो चालला नाही. २००१ साली तिने दिवाळखोरी पत्करली आणि २००२च्या जानेवारीत दार बंद केले. खेळणारे थोडे आणि फुकटची सवय लागलेले, असे तेव्हा बोलले गेले. हे पूर्ण खरे वाटत नाही. २०१० साली काही छोट्या निर्मात्यांनी आपले खेळ एकत्र बांधून ‘मनाला येईल ती किंमत द्या’ असे आवाहन केले, तेव्हा सरासरीने सर्वांत जास्त पैसे दिले ते लिनक्सवाल्यांनीच!

लोकी बुडाली, पण तिच्या छायेत वाढलेली अवजारे सर्वांसाठी खुली होती, म्हणून ती टिकली. १९९३पासून आणखी एक मंडळी विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालविण्याच्या खटाटोपात होती. त्यांच्या कामाचे नाव ‘वाईन’. (वेदीवरील द्राक्षारसाशी त्याचा काही संबंध नाही!) पंचवीस वर्षे हे काम कधी पगारी, कधी बिनपगारी हातांनी चालले. इकडे संगणकावरील खेळांचे सर्वांत मोठे दुकान ‘स्टीम’ चालविणारी व्हाल्व्ह ही कंपनी चिंतेत पडली होती. विंडोजच्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान थाटले होते. उद्या आपल्याला दारातच अडवले तर? २०१२ साली व्हाल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी ही भीती उघडपणे बोलून दाखविली. २०१३ साली स्टीम लिनक्सवर आले. २०१५ साली लिनक्सवर चालणारी खेळयंत्रे निघाली, ती सपशेल पडली. परंतु २०१८च्या ऑगस्टमध्ये वाईनच्याच पायावर उभारलेले ‘प्रोटॉन’ आले आणि विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. २०२२च्या फेब्रुवारीत निघालेले ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारे यंत्र लिनक्सवरच चालते. व्हाल्व्हने हे धर्मादाय म्हणून केले नाही, स्वार्थासाठी केले. तथापि परवान्यामुळे तिने घातलेली भर पुन्हा सर्वांच्या कणगीत पडली.

आता नाण्याकडे वळू. डेव्हिड चाऊम या अमेरिकी गणितज्ञाने १९८०च्या दशकातच खर्च करणाऱ्याची ओळख बँकेलाही कळू नये अशा नाण्याची रीत मांडली होती. त्यांची कंपनी १९९८ साली बुडाली. बँक नकोच, असे पुढचे पाऊल ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात पडले. अमेरिकेतील बँका कोसळत होत्या तो हा काळ. ३ जानेवारी २००९ रोजी ‘बिटकॉइन’च्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. बँकांना दुसऱ्यांदा मदत देण्याच्या विचाराविषयीचा त्या दिवशीच्या लंडनच्या ‘टाइम्स’चा मथळा त्यात कोरलेला आहे. ही वही असंख्य संगणकांवर एकाच वेळी असते. नवे पान लिहिण्याचा मान मोठे गणिती कोडे सोडविणाऱ्याला मिळतो, आणि त्याबद्दल नवी नाणी मिळतात. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांपेक्षा अधिक कधीच होणार नाहीत. ही आज्ञावलीही लिनक्सप्रमाणे खुली आहे. मात्र या नाण्यावर कैसराचा मुखवटा नाही; कुणाचाच नाही.

आपल्याकडे पत म्हणजे माणसाची ओळख. वसईच्या कॅथलिक सहकारी बँकेचे मूळ १९१८ सालच्या ज्या पतपेढीत आहे, ती एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी उभी केली होती. बिटकॉइनची प्रतिज्ञा नेमकी उलटी होती: कुणाला ओळखण्याची गरजच पडू नये. प्रत्यक्षात काय झाले? ‘मॅजिक’ नावाच्या पत्त्यांच्या खेळातील पाने विकत घेण्यासाठी व विकण्यासाठी २००७ साली एका प्रोग्रॅमरने एक ठिकाण योजले होते. त्याच ठिकाणी २०१० साली बिटकॉइनचा बाजार सुरू झाला. नाव ‘माउंट गॉक्स’. त्यात पर्वत वगैरे काही नाही, पत्त्यांच्या त्या बाजाराची आद्याक्षरे आहेत. काही वर्षांतच तो जगातला सर्वांत मोठा बिटकॉइन बाजार झाला. २०१४च्या फेब्रुवारीत तो दिवाळखोर झाला, तेव्हा सुमारे साडेआठ लाख नाणी गहाळ असल्याचे कळले. दोन लाख पुढे सापडली. बँक नको म्हणून निघालेल्या लोकांनी आपली नाणी खेळातल्या पत्त्यांच्या दुकानदाराकडे ठेवली होती.

वादही लवकरच पेटला. वहीच्या एका पानावर किती व्यवहार मावावेत? मर्यादा वाढवा म्हणणारे आणि वाढविल्यास वही मोजक्या धनिकांच्याच आवाक्यात राहील म्हणणारे, असे दोन तट पडले. १ ऑगस्ट २०१७ रोजी एक तट वेगळे नाणे घेऊन बाहेर पडला. त्याची झळ खेळांच्या दुकानाला लागली. स्टीमने २०१६च्या एप्रिलमध्ये बिटकॉइन स्वीकारण्यास आरंभ केला, तेव्हा एका व्यवहाराचे शुल्क सुमारे वीस सेंट होते. २०१७ साल संपता संपता ते वीस डॉलरच्या जवळ गेले. वीस डॉलरच्या खेळासाठी वीस डॉलर हमाली! डिसेंबरात स्टीमने हे नाणे बंद केले.

या साऱ्यात आम्हांला सर्वांत विचार करायला लावले ते एका मुलाच्या अश्रूंनी. रशियात जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला विटालिक ब्यूटेरिन ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ खेळत असे. एके दिवशी कंपनीने त्याच्या लाडक्या पात्राची एक शक्ती कमी केली. त्या रात्री आपण रडत झोपलो आणि केंद्रीय सत्तेची भीषणता आपल्याला समजली, असे त्याने स्वतः लिहिले आहे. त्यात थट्टा किती आणि सत्य किती, हे तोच जाणे. त्याने कल्पिलेले ‘इथेरियम’ २०१५ साली सुरू झाले. कुणाच्या मर्जीने नव्हे, तर लिहिलेल्या आज्ञावलीनेच सारे व्यवहार व्हावेत, ही त्याची कल्पना. पुढच्याच वर्षी त्यावर उभारलेल्या एका सामायिक निधीच्या आज्ञावलीतील चूक हेरून कुणीतरी सुमारे छत्तीस लाख नाणी वळती केली. आता? नियमाने पाहता ते नियमातच बसत होते. बरीच खल झाली आणि २० जुलै २०१६ रोजी बहुमताने वहीत बदल करून नाणी परत देण्यात आली. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी जुनी वही तशीच पुढे चालविली; ती आजही चालू आहे. आमच्या मते परत देणाऱ्यांनी योग्य केले. परंतु त्या दिवशी ‘माणसाचा निवाडा नकोच’ ही प्रतिज्ञा मोडली, हेही मान्य केले पाहिजे.

खेळाडू आणि नाणेवाले यांच्यात एक साधे भांडणही होते. खेळातली चित्रे रंगविणारे ग्राफिक्स कार्ड कोडी सोडवायलाही उपयोगी पडते. त्यामुळे २०१७ साली आणि पुन्हा २०२०नंतर ही कार्डे दुकानांतून नाहीशी झाली. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियमने कोडी सोडविण्याची रीत टाकून दिली, तेव्हा त्याचा विजेचा वापर शंभरांत नव्व्याण्णवांहून अधिक घटला.

फिलिपाइन्सची गोष्ट मात्र साधी नाही. तो आपलाच, कॅथलिक बहुसंख्येचा देश. करोनाच्या टाळेबंदीत काम गेलेली कुटुंबे २०२० व २०२१ साली ‘ॲक्सी इन्फिनिटी’ हा खेळ खेळून पोट भरू लागली. खेळण्यासाठी आधी तीन प्राणी विकत घ्यावे लागत. ते ज्यांना परवडत नसत त्यांना सावकार प्राणी देई आणि कमाईत वाटा घेई. अशा खेळाडूला ‘शिष्यवृत्तीधारक’ म्हणत. आपल्याकडे त्याला अर्धेलीचे कूळ म्हटले असते. जुन्यांची कमाई नव्यांच्या पैशावर अवलंबून होती. नवे येणे मंदावले तसा नाण्याचा भाव घसरत गेला. मग २३ मार्च २०२२ रोजी त्या खेळाच्या खजिन्यातून साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीस गेली. सहा दिवस कुणाला पत्ताही नव्हता. खजिन्याला नऊ कुलपे होती आणि पाच किल्ल्या पुरत होत्या. त्यांतल्या चार एकाच कंपनीपाशी होत्या. विकेंद्रित म्हणतात ते हे! उत्तर कोरियाच्या हस्तकांनी ही चोरी केली, असे अमेरिकेच्या तपासयंत्रणेने जाहीर केले.

लिनक्सच्या घरी सारे निर्मळ आहे असे नव्हे. ‘एपेक्स लेजेंड्स’ या खेळाच्या निर्मात्यांनी २०२४च्या ऑक्टोबरअखेर लिनक्सवाल्यांना दार बंद केले. मोकळ्या प्रणालीत लबाडी पकडणे कठीण, हे कारण. त्याच वर्षी २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या अवजारात चोरवाट आढळल्याची बातमी आली. एका थकलेल्या, एकट्या सांभाळणाऱ्याचा विश्वास दोन वर्षे मदत करून कुणीतरी संपादन केला होता. संगणक अर्धा सेकंद उशिरा का उत्तर देतो, एवढ्या शंकेवरून दुसऱ्या एका प्रोग्रॅमरने सारे उघडून पाहिले. उघडून पाहता आले म्हणूनच चोरी सापडली.

भारतात रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना अशा नाण्यांच्या व्यवहारापासून दूर राहण्यास सांगितले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. २०२२ साली त्यांच्या नफ्यावर तीस टक्के कर बसला. त्याच वर्षी डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने स्वतःचा डिजिटल रुपया मुंबईसह चार शहरांत सामान्यांच्या हाती प्रयोगादाखल दिला. त्यावर मुखवटा आहे, पण आपण कोठे काय खर्च केले हे कोणाला दिसावे, हा चाऊम यांचा जुना प्रश्न तेथेही उभा आहे.

तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. त्याच्या वडिलांच्या सोबत्याने बहिणीच्या कुटुंबासाठी असाच एक खेळ सुरू करून दिला होता. कोणता, हे आम्ही विचारले नाही. पैसे कर्जाऊ काढले होते. आठ महिने घरी तांदूळ आला, मुलाची फी भरली गेली. ते नाणे तेव्हा खरेच होते, असे आम्ही त्या तरुणाला सांगितले. मग भाव पडला, आणि कर्ज तेवढे जुन्याच चलनात उरले. तो खलाशी घरी जायचा होता. त्याने जहाजावरचा आणखी नऊ महिन्यांचा करार केला आणि नाताळ समुद्रावरच काढला.