रबराचं झाड एकटं का राहतं?

तापाजोस ही अ‍ॅमेझॉनची एक मोठी उपनदी. ब्राझीलच्या पारा राज्यातून ती उत्तरेकडे वाहत येते आणि सांतारेम शहरापाशी अ‍ॅमेझॉनला मिळते. तिच्या पश्चिम काठावर बोइम नावाचं एक लहानसं गाव आहे. शाळेच्या नकाशात ते सापडणार नाही. पण आपल्या सायकलच्या ट्यूबचा इतिहास शोधायला निघालो, तर याच गावाच्या परिसरात येऊन पोचतो.

या काठावरची गावं जगतात कशी? नदी हाच रस्ता. पावसाळ्यात पाणी कित्येक मीटर चढतं आणि उन्हाळ्यातला पांढऱ्या वाळूचा किनारा पार बुडून जातो. म्हणून घरं उंच काठावर बांधलेली. रोजचं जेवण म्हणजे मासे आणि कसाव्याच्या कंदाचं भाजलेलं पीठ. कसावा आपल्यालाही परका नाही. आपल्याकडचा साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून होतो. अ‍ॅमेझॉनमधल्या कडू जातीच्या कंदातून मात्र विषारी हायड्रोजन सायनाइड तयार होतं. तिथल्या मूळ रहिवाशांनी यावर फार पूर्वीच उपाय शोधला. कंद किसायचा, वेताच्या किंवा पात्यांच्या विणलेल्या लांब नळीत भरून पिळायचा आणि उरलेला चोथा मोठ्या तव्यावर भाजायचा. किसल्यामुळे पेशी फुटतात, त्यांतल्या विकरामुळे विष मोकळं होतं आणि रसाबरोबर व उष्णतेनं निघून जातं. प्रयोगशाळा नसतानाही हे ज्ञान पिढ्यानपिढ्या टिकून राहिलं.

असंच दुसरं ज्ञान होतं रबराच्या झाडाचं. या झाडाच्या सालीला चीर दिली की पांढरा चीक वाहतो. 1839 साली चार्ल्स गुडइयर यांना गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. 1888 साली डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि रबराची मागणी भडकली. पण रानात हे झाड घोळक्यानं वाढत नाही. एका हेक्टरात जेमतेम दोन-तीन झाडं सापडायची. त्यामुळे चीक गोळा करणारा माणूस पहाटे अंधारात निघायचा आणि शंभर-दीडशे झाडांना जोडणारी पायवाट पुरी करायचा. पहाटेच का? उन्हं चढली की पानांतून बाष्प जातं, झाडातल्या पाण्याचा दाब घटतो आणि चीक कमी वाहतो. दुपारी पुन्हा त्याच वाटेनं भांडी रिकामी करायची आणि मग धुरावर थरावर थर देत रबराचा गोळा बनवायचा.

एवढे कष्ट करूनही हाती काय पडायचं? पीठ, मीठ, काडतुसं व्यापाऱ्याकडून उधार घ्यायची आणि रबरानं ती फेडायची. दोन्हींचे भाव व्यापारीच ठरवायचा, त्यामुळे कर्ज सहसा फिटत नसे. रबराच्या पैशातून मानाउस शहरात 1896 साली भव्य नाट्यगृह उघडलं. रबर काढणारा मात्र कर्जातच राहिला.

आता बोइमकडे वळू. 1876 साली हेन्री विकहॅम या इंग्रजानं या परिसरातून रबराच्या सुमारे 70,000 बिया गोळा करवून लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या. या बिया तेलकट असतात आणि काही आठवड्यांतच मरतात. त्यांतल्या चार टक्क्यांहूनही कमी रुजल्या. पण तेवढ्या पुरल्या. रोपं श्रीलंकेला आणि पुढे सिंगापूर, मलायाला गेली. केरळातल्या मळ्यांसह आशियातल्या बहुतेक रबराच्या झाडांची वंशावळ या बियांपाशी जाते. 1913च्या सुमारास मळ्यांतलं स्वस्त रबर रानातल्या रबराच्या पुढे गेलं आणि अ‍ॅमेझॉनचा व्यापार कोसळला.

मग साधा प्रश्न पडतो. आशियात मळे पिकतात, तर झाडाच्या माहेरीच मळे का लावू नयेत?

अमेरिकेचे मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांनी नेमकं हेच केलं. त्याच तापाजोस नदीवर, बोइमच्या बरंच वरच्या अंगाला, त्यांना सुमारे 10,000 चौरस किलोमीटर जमीन मिळाली आणि 1928 पासून तिथे ‘फोर्डलांडिया’ उभं राहू लागलं. लाकूड कापण्याची गिरणी, इस्पितळ, अमेरिकी धाटणीची घरं, हजेरीची घड्याळं, भोंगे. दारूला बंदी आणि खाणावळीत काय वाढायचं तेही वरूनच ठरलेलं. डिसेंबर 1930 मध्ये खाणावळीतल्या वादावरून कामगार भडकले आणि त्यांनी घड्याळंसुद्धा फोडली. माणसं तरी रागावून दाखवू शकली. झाडांनी आपलं म्हणणं वेगळ्या रीतीनं मांडलं.

फोर्डच्या माणसांनी जंगल साफ करून रबराची झाडं दाटीनं लावली. फांद्या एकमेकींना भिडू लागल्या तशी पानांवर बुरशी पसरली. ही दक्षिण अमेरिकेतली पानकरपा रोगाची बुरशी. ती कोवळ्या पानांवर वाढते आणि तिचे बीजाणू वाऱ्यावर उडतात. रानात एका रबराच्या झाडापासून दुसऱ्यापर्यंत मध्ये इतर जातींची शेकडो झाडं असतात. बहुतेक बीजाणू वाटेतच वाया जातात. मळ्यात मात्र शेजारचंच पान तयार असतं. पानं पुन्हा पुन्हा गळून झाडं खंगत गेली. आशियाचे मळे पिकले, कारण बियांबरोबर ही बुरशी तिकडे गेली नाही, आणि ती आजवर तिथे पसरलेली नाही. 1934 साली सांतारेमजवळ बेल्तेरा येथे नवा मळा सुरू झाला. तिथेही रोग पोचला. 1945 साली फोर्ड कंपनीनं सारं ब्राझील सरकारला किरकोळ किमतीत विकलं.

म्हणजे झाडाचं विखुरलेलं असणं हाच त्याचा बचाव होता. आणि चीक काढणाऱ्यांची लांबलचक पायवाट ही त्या विखुरण्याशी जुळवून घेतलेली जीवनपद्धती होती. जंगल उभं राहिलं तरच दोन्ही टिकणार.

हा विचार कायद्यात यावा म्हणून लढे झाले ते दूर पश्चिमेच्या आक्रे राज्यात. तिथे गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जात होतं. शिको मेंडेस आणि त्यांचे रबर काढणारे सोबती तोडीच्या जागी जाऊन उभे राहत. 22 डिसेंबर 1988 रोजी मेंडेस यांचा खून झाला. पण त्यांची मागणी मान्य झाली: जमिनीची मालकी सरकारची, वापराचा हक्क तिथल्या लोकांचा आणि सरसकट तोडीला मनाई. अशी पहिली राखीव क्षेत्रं 1990 मध्ये झाली. 1998 साली तापाजोसच्या पश्चिमेला सुमारे साडेसहा लाख हेक्टरांचं असं क्षेत्र जाहीर झालं. बोइम आज त्यातच आहे.

मग आता सारं ठीक आहे का? तसं नाही. जमीन राखता आली तरी भाव राखता येत नाही. रानातलं रबर आशियाच्या मळ्यांपुढे महागच पडतं. पुढच्या शिक्षणासाठी अनेक मुलांना शहरात जावं लागतं, आणि गेलेली सगळी परत येत नाहीत. नदीच्या वरच्या भागातल्या सोन्याच्या खाणींचा पारा माशांत उतरतो. 2023 आणि 2024 साली अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला, पात्रं आटली आणि कितीतरी गावांच्या नावा अडकून पडल्या. ज्या गावाचा रस्ता म्हणजे नदी, त्याच्या दृष्टीनं याचा अर्थ डॉक्टर, शाळा, बाजार सारंच तुटणं.

वर्गात हा धडा घेताना एक प्रश्न जरूर विचारावा. 1876 साली बोइमहून बिया गेल्या, जगाला टायर मिळाले. गावाला काय मिळालं? उत्तर शोधताना मुलं भूगोलातून जीवशास्त्रात आणि तिथून अर्थशास्त्रात सहज जातील. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या झाडाबद्दल, पिकाबद्दल हाच प्रश्न विचारता येईल, हेही त्यांच्या लक्षात येईल.