टपालाचा बिल्ला

रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘डाकघर’ (१९१२) या नाटकात आजारी अमलला राजाच्या हरकाऱ्यांची ओळख पहारेकरी करून देतो, ती त्यांच्या छातीवरील गोल सोनेरी बिल्ल्यांवरून. खिडकीशी जखडलेल्या त्या मुलाला मग आपणही मोठेपणी राजाचा हरकारा व्हावे असे वाटू लागते. नाटकात जे सोने, ते व्यवहारात बहुधा पितळ असे. परंतु सत्तेचे तेज माणसापेक्षा धातूवर अधिक दिसते, ही जाण दोहोंकडे सारखीच आहे.

भाषेनेही याची नोंद ठेवली आहे. कार्यालयाचे नाव कोरलेली धातूची पट्टी म्हणजे ‘चपरास’; ती बाळगणारा तो चपरासी. मराठीतील ‘पट्टेवाला’ हा शब्दही असाच वस्तूवरून माणसाकडे आलेला आहे. बिल्ल्यावर खात्याचे नाव असे, पुष्कळदा क्रमांक असे. तो लावणाऱ्याचे नाव मात्र नसे.

जुने बिल्ले जमविणाऱ्यांना ही मोजकी अक्षरे व चिन्हे म्हणजे कालनिर्णयाची साधनेच होत. टपाल व तार ही खाती १९१४ साली एकत्र आली आणि १९८५ साली विभक्त झाली. दोहोंची नावे एकत्र असलेला बिल्ला साधारणतः या दरम्यानचा ठरतो. राजमुकुट ब्रिटिश अमदानी सांगतो, तर अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष प्रजासत्ताकाचा काळ. शंख दिसला की नजर त्रावणकोरकडे वळते. त्या संस्थानाची ‘अंचल’ ही स्वतंत्र टपालव्यवस्था १९५१ साली भारतीय टपालात विलीन झाली.

तथापि धातू जपला म्हणजे इतिहास जपला, असे होत नाही. बिल्ला घासूनपुसून लखलखीत करण्याच्या हौसेत अक्षरे झिजतात. आणि तो कोणत्या घरातून आला, तो लावणारा कोणत्या गावांना टपाल पोचवीत असे, हे विचारून लिहून ठेवले नाही, तर हाती उरते ते केवळ पितळ. क्रमांकामागचा माणूस सांगू शकणाऱ्या कुटुंबांतील आठवणी पितळाइतक्या टिकाऊ नसतात.

अमल बिल्ल्यापाशी थांबत नाही. खिडकीसमोर खेळणाऱ्या मुलांना तो त्या हरकाऱ्यांची नावे विचारतो, आणि बादल, शरत् अशी नावे त्याला कळतात. संग्राहकानेही विचारावयाचा प्रश्न हाच आहे.