टॅब तुमचा, सातबारा दुसऱ्याचा

आजचा भाग एका स्क्रीनबद्दल आहे. सेकंड हँड टॅब घेतला, घरी आणला, चालू केला, वाय-फाय जोडलं आणि समोर आलं: ‘आधीच्या मालकाचं खातं आणि पासवर्ड टाका.’ बस्स. त्यापुढे काही नाही. टॅब हातात आहे, पैसे गेलेत आणि यंत्र म्हणतंय, मी तुमचा नाही.

तुमच्यापैकी बरेच जण ही स्क्रीन म्हणजे बिघाड समजतात. ‘दादा, सॉफ्टवेअर उडालंय, मारून देतो’ असं सांगणारेही भेटतात. पण हा बिघाड नाही. हे कुलूप मुद्दाम बसवलेलं आहे आणि ते बसवण्यामागे चोऱ्या, सरकारी वकील आणि कायदे असा बराच इतिहास आहे. तो कळला, की पुढच्या वेळी पैसे देण्याआधी काय बघायचं हे आपोआप कळेल.

सुरुवात जुन्या मोबाइलपासून करू. त्या फोनला आपला मालक कोण हे माहीतच नसायचं. सिम काढलं, दुसरं घातलं, की झाला फोन नव्या माणसाचा. ज्याच्या हातात, त्याचा. चोराला यापेक्षा सोयीचं काय असणार? मग प्रत्येक फोनच्या १५ अंकी आयएमईआय नंबरवर भिस्त ठेवली गेली. चोरीला गेलेल्या फोनचा नंबर काळ्या यादीत टाकायचा, म्हणजे त्याला नेटवर्क मिळणार नाही. चोरांनी नंबरच बदलायला सुरुवात केली. शेवटी ब्रिटनने २००२ मध्ये खास कायदा करून हा नंबर बदलणं गुन्हा ठरवलं.

पण यात एक मोठी फट होती. नंबर नेटवर्कसाठी. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय नसतोच! त्याला कोणती काळी यादी अडवणार?

२००९ मध्ये अ‍ॅपलने हरवलेला फोन नकाशावर शोधायची सोय आणली. लांबून लॉक करता यायचं, आतली माहिती पुसता यायची. छान. पण चोराने फॅक्टरी रीसेट मारलं, की सगळं कोरं. यंत्र पुन्हा विसरायचं की आपला मालक कोण.

आता न्यूयॉर्कला जाऊ, साल २०१२. तिथे भुयारी रेल्वेत, रस्त्यात लोकांच्या हातातून आयफोन आणि आयपॅड हिसकावले जात होते. या प्रकाराला नावच पडलं ‘अ‍ॅपल पिकिंग’, म्हणजे सफरचंद तोडणी! त्या वर्षीच्या पहिल्या नऊ महिन्यांत शहरात अ‍ॅपलच्या वस्तूंच्या ११ हजारांहून जास्त चोऱ्या नोंदल्या गेल्या, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जवळपास निम्म्या लुटींमध्ये मोबाइल होता. नाव गमतीचं वाटतं, पण या लुटींमध्ये माणसंही मेली.

जून २०१३ मध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल एरिक श्नायडरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा सरकारी वकील जॉर्ज गॅस्कोन यांनी एकत्र मोहीम सुरू केली. लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सनही सामील झाले. मागणी सरळ होती: चोरलेलं यंत्र चोराच्या हातात निव्वळ वीट झालं पाहिजे. मोबाइल कंपन्यांची संघटना आधी नाही म्हणत होती, पुढच्या वर्षी तीही वळली.

सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ आलं आणि त्यात ‘अ‍ॅक्टिव्हेशन लॉक’. इथे सगळं बदललं. आता यंत्र कुणाचं हे कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेलं राहायला लागलं. तुम्ही दहा वेळा रीसेट मारा. यंत्र सुरू होताना सर्व्हरला विचारतं, ‘माझा मालक कोण?’ उत्तर तेच येतं. मार्च २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत गूगलनेही असंच कुलूप आणलं.

दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाने आणि मग कॅलिफोर्नियाने कायदे केले आणि १ जुलै २०१५ पासून ते लागू झाले. यातली गंमत बघा: कॅलिफोर्नियाच्या कायद्यातून टॅब स्पष्टपणे वगळला होता. तरी कुलूप टॅबलाही बसलं, कारण दोन्हींचं सॉफ्टवेअर एकच.

उपयोग झाला का? झाला. कुलूप आल्यानंतरच्या १२ महिन्यांत आयफोनच्या लुटी सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्के आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्के कमी झाल्याचे आकडे २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. लंडनमध्येही घट निम्म्याच्या आसपास होती.

आता नाण्याची दुसरी बाजू. कुलपाला चोर आणि गिऱ्हाईक यातला फरक कळत नाही.

एका श्रोत्याने मला लिहिलं होतं. धाकट्या बहिणीच्या अभ्यासासाठी साडेसहा हजारांत टॅब घेतला. पगारातून तीन महिने बाजूला काढलेले पैसे. विकणारा म्हणाला, ‘घरी जाऊन चालू करा.’ घरी तीच स्क्रीन. विकणाऱ्याचा फोन बंद. तो टॅब चोरीचा होता की आधीचा मालक खातं काढायला विसरला होता, हे त्या पोराला कळायला मार्गच नाही. आणि बहिणीची परीक्षा काही थांबत नाही.

मला हे प्रकरण आपल्या जमिनीसारखं वाटतं. गावाकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पैसे मोजले, ताबा घेतला, नांगर फिरवला, पण फेरफार करून सातबाऱ्यावर नाव चढवलं नाही, तर उद्या भांडण नक्की. टॅबचंही तसंच. वस्तू म्हणजे ताबा, खातं म्हणजे सातबारा. ‘कसेल त्याची जमीन’ ठीक आहे, पण ‘वापरेल त्याचा टॅब’ हे २०१३ नंतर राहिलं नाही.

फरक एवढाच, की सातबारा कुणालाही बघता येतो. टॅबचा कसा बघणार? अ‍ॅपलने २०१४ मध्ये सीरियल नंबर टाकून कुलूप आहे का ते तपासायचं पान सुरू केलं होतं, ते जानेवारी २०१७ मध्ये काढून टाकलं. माझी खरी तक्रार इथे आहे. कुलूप बसवताना मालकाचा विचार झाला, पुढच्या गिऱ्हाइकाचा नाही. चांगले चालणारे टॅब केवळ कुणीतरी खातं काढायला विसरलं म्हणून भंगारात जातात.

आपल्याकडे सरकारने २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टल देशभर सुरू केलं. आयएमईआय टाकला की तो फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. सिमवाल्या टॅबसाठी हे जरूर करा, *#०६# दाबून किंवा सेटिंग्जमध्ये नंबर मिळतो. वाय-फायवाल्याला मात्र हा आधार नाही.

मग करायचं काय? पैसे देण्याआधी टॅब विकणाऱ्यासमोर चालू करा. त्याला त्याच्याच हाताने खातं काढायला लावा, सेटिंग्जमधून रीसेट मारायला लावा आणि तिथेच हॉटस्पॉट देऊन अगदी होम स्क्रीनपर्यंत जा. वाटेत कुठेही जुनं खातं मागितलं, तर व्यवहार थांबवा. बटणं दाबून मारलेल्या रीसेटवर विश्वास नको, त्याने कुलूप जात नाही. मूळ बिलाची प्रत घ्या.

आधीच अडकला असाल तर मूळ मालक गाठा. आयपॅड असेल तर तो घरबसल्या स्वतःच्या खात्यातून यंत्र पुसून काढून टाकू शकतो. अँड्रॉइड असेल तर समोर बसून त्यानेच पासवर्ड टाकावा, तुम्ही मागू नका. शाळेने किंवा कंपनीने दिलेला टॅब असेल, तर ते कुलूप त्या संस्थेलाच काढता येतं. कंपनीच्या सपोर्टकडे जायचं तर मूळ खरेदीचं बिल लागतं. ‘पाचशेत अनलॉक’ म्हणणाऱ्या साइट्सपासून लांब राहा. आणि टॅब चोरीचा आहे असं कळलं, तर पोलिसांत द्या. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

शेवटचं, विकणाऱ्यांसाठी. जुना टॅब कपाटातून काढून कुणाला देताय ना? आधी खातं काढा. दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर तुम्ही टॅब दिलात, पण सातबारा स्वतःकडेच ठेवलात, आणि घेणाऱ्याच्या घरी एक पोरगी त्या स्क्रीनकडे बघत बसेल.

हा भाग अशा मित्राला पाठवा, जो या आठवड्यात सेकंड हँड काहीतरी घ्यायला निघालाय. भेटू पुढच्या भागात!